तोंडभर पाणी

“आधी मला वाटलं, घामानं हात चिकटला असेल. म्हणून कस्तुरीनं सोडला नसेल.”

“मग?”

“मग पुन्हा तेच झालं, आक्का. मी चढाईवालीचा पाय पकडायला झेपावते आणि ही माझा हात मागं ओढून धरते.”

मंडळाच्या मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या आक्का मैदानावर झारीनं पाणी मारत होत्या. संध्याकाळी सामना होता. सकाळी माती भिजवली तर दुपारच्या उन्हातही ती बसून राहते. हे काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

प्रणोती झारीच्या मागोमाग चालत होती. ती संघाची कर्णधार, डाव्या कोपऱ्यावर उभी राहणारी. गेले दोन्ही सामने मंडळ हरलं होतं आणि दोन्ही वेळा बचावात हरलं होतं. आज हरलं की जिल्हा स्पर्धेतून बाहेर.

“कस्तुरीला बसवा आज,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी दुसरी कुणीही द्या.”

“कुणीही?”

“कुणीही चालेल. हिच्या नावावर एक पकड नाही. नवीन आहे, लहान आहे, सगळं मान्य. पण कबड्डीत बचावाला उभं राहायचं आणि पकड करायची नाही, मग करायचं काय?”

आक्कांनी झारी दुसऱ्या हातात घेतली.

“मागच्या सामन्यात तू किती वेळ बाद होऊन बाहेर बसलीस?”

“बसलेच नाही फारशी.”

“आणि ती यायच्या आधी?”

“अर्धा सामना बाहेरच असायचे... पण त्याचा इथं काय संबंध?”

आक्कांनी झारी पुढच्या पट्ट्यावर वळवली. माती काळी होत गेली.

“आणि हाक मारली तर ओ देत नाही,” प्रणोतीनं राहिलेलं सांगून टाकलं. “मी ओरडते, कस्तुरी, सोड, सोड! सगळ्या मैदानाला ऐकू जातं. हिला नाही.”

“हाका मारतेस?”

“घसा बसतो माझा.”

“हं...”

मैदानाच्या कडेला कस्तुरी बसली होती. गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. तिला सगळं ऐकू येत असणार. तिनं पट्टी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला घेतली.

आक्कांनी झारी ठेवली. कट्ट्यावरची पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून आणली.

“दोघी या. तोंडात पाणी घ्या. गिळायचं नाही, थुंकायचं नाही.”

“आक्का, मी सरावाचं बोलत नव्हते. संघाचं बोलत होते.”

“ऐकलं की मी. आ कर.”

प्रणोतीनं आ केला. मग कस्तुरीनं. दोघींचे गाल फुगले. पलीकडून अवंती हसायला लागली. ती संघाची चढाईपटू, सरावाला नेहमी हीच समोर असायची.

“माकडं दिसताय दोघी,” ती म्हणाली.

“तू ये चढाईला,” आक्का म्हणाल्या. “आणि हसायचं नाही. दम जाईल.”

दोघींनी हात धरले. कोपऱ्यावर प्रणोती, आतल्या बाजूला कस्तुरी. कस्तुरीचा हात गारही नव्हता, घट्टही नव्हता. नुसता होता.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी... अवंती आत आली. डावीकडं वळली आणि तिनं पाय उचलल्यासारखा केला.

प्रणोती दचकली. खांदा पुढं गेला, तोंडातलं पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं. हात मात्र कस्तुरीच्या हातात मागंच राहिला. अवंतीची बोटं तिच्या चेहऱ्यासमोरून रिकामी गेली.

पाय उचललेला नव्हताच.

आक्कांनी कळशी पुढं केली. “पुन्हा भर.”

पुन्हा अवंती आली. या वेळी तिनं टाळीच वाजवली. प्रणोतीला ओरडायचं होतं. ओरडायला तोंड मोकळं नव्हतं. तिनं घाबरून सगळं पाणी गिळलं आणि ठसका लागला.

“पुन्हा.”

“आक्का, हे...”

“पुन्हा भर.”

तिसऱ्यांदा अवंती सावकाश आली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. ‘सोड’ प्रणोतीच्या जिभेवर आलं. ओरडता येत नव्हतं, म्हणून ते तिथंच राहिलं. ती नुसती उभी राहिली. आणि उभ्या उभ्या तिला हाताशी काहीतरी जाणवलं. अवंतीचा पाय हलला की कस्तुरीचा अंगठा किंचित दाबला जाई. थांब. पुन्हा दाबला. थांब...

मग अंगठा उठला.

हात सुटला होता. प्रणोती कधी खाली गेली ते तिला कळलं नाही. अवंतीचा घोटा तिच्या दोन्ही हातांत होता, आणि वरून कस्तुरीनं अवंतीची कंबर धरली होती. तिघी ओल्या मातीत पडल्या.

अवंती आधी उठली. कोपर झाडत म्हणाली, “आज काही कळंनाच हो, आक्का.”

“एरवी काय कळतं?”

“एरवी ताई ओरडते की. ती सोड म्हणाली की मला समजतं, आता येणार. मी पाय काढून घेते.”



प्रणोतीनं तोंड पुसलं. पाणी कुठल्या कुठं गेलं होतं. बोटांना माती लागली होती.

“मग माझ्या सगळ्या हाका...” ती म्हणाली आणि थांबली.

आक्का कळशी झाकून ठेवत होत्या.

“संध्याकाळचं सांगा, आक्का. माझ्या शेजारी कोण?”

आक्कांनी मान वर केली नाही. नुसती नजर वळवली.

प्रणोतीनं तिकडं पाहिलं. मातीतून उठताना कस्तुरीनं तिचा हात पुन्हा धरला होता, साखळीत धरतात तसा. पुढची चढाई यायची असल्यासारखी ती पाय रोवून उभी होती. एका गालाला चिखल होता. दोन्ही गाल अजून फुगलेले.

प्रणोतीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तिनं हात सोडवून घेतला नाही.

“कस्तुरी,” ती हळूच म्हणाली. शेजारच्या माणसाला ऐकू जावं, इतकंच.

कस्तुरीनं आक्कांकडं पाहिलं. आक्कांनी मान हलवली.

कस्तुरीनं तोंडातलं पाणी गिळलं.

“ओ, ताई.”

त्या एवढ्याशा आवाजानंही प्रणोती दचकली.

आक्का झारी घेऊन मैदानाच्या राहिलेल्या कोपऱ्याकडं निघाल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“आज मारलीस हाक.”