मुकिंदाने बॅटरीगाडी सुधारली

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात मुकिंदा नावाचा एक भोळा गडी होता. देवस्थानच्या नोकरीत होता. पायऱ्या झाडायला सांगितल्या तर पायऱ्याच झाडायचा. मधल्या सपाट जागेला केरसुणी लावायचा नाही. ती पायरी नव्हती. मात्र एक गुण त्याच्यात होता. एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. गावाचं जे काही नुकसान झालं, ते या गुणामुळे.

देवळापर्यंत चढाचा रस्ता होता. म्हाताऱ्या माणसांसाठी देवस्थानने शहरातल्या एका क्लबाची जुनी बॅटरीगाडी विकत घेतली. क्लबातले साहेब लोक चेंडू लांब मारत आणि मग तो शोधायला या गाडीतून जात. सपाट हिरवळीवर तिचं आयुष्य सुखात गेलं होतं. इथला चढ बघून तिने पहिल्याच वळणावर मान टाकली. चार म्हाताऱ्यांना घेऊन निघाली, की चार म्हाताऱ्या उतरून तिला ढकलत.

तेव्हा अध्यक्ष आबांनी ठराव केला. गाडीला नवी मोटार, नव्या बॅटऱ्या, नव्या तारा. तालुक्याहून रमजान मिस्त्री आले. त्यांच्या हाताखाली मुकिंदाला दिलं.

"हे बघ मुकिंदा," आबा म्हणाले, "आमची आई गुडघ्यांपायी कित्येक वर्षं वर गेली नाही. या गाडीने तिला देवाच्या दारात नेलं, तर गाडीचा ड्रायव्हर तू. नाहीतर मेंढरं राखायची."

मुकिंदाला मेंढरं आवडत नसत. ती सांगितलेलं ऐकत नाहीत.

मिस्त्री म्हणाले, "एसटी स्टँडवर मोटार आलीय. घेऊन ये."

"कशी आणू?"

"सगळे आणतात तशी!"

बाजाराचा दिवस होता. सगळे शेळ्या आणत होते. मुकिंदाने मोटारीला दावं बांधलं आणि धुळीतून ओढत आणली. वाटेत ओढ्यावर तिला पाणीही दाखवलं. ती प्यायली नाही.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरे देवमाणसा, गोधडीत गुंडाळायचं, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरायचं, हळूच आडवं निजवायचं. ध्यानात ठेव!"

मुकिंदाने ध्यानात ठेवलं.

मग बॅटऱ्या आल्या. पहिलीच बॅटरी त्याने गोधडीत गुंडाळली, छातीशी धरली, हळूच आडवी निजवली आणि थोपटली. आतलं तेजाब बाहेर आलं. गोधडीची चाळण झाली. सदऱ्याची पुढची बाजू गेली. पाठ तेवढी शाबूत राहिली.

"मिस्त्री," मुकिंदा म्हणाला, "पोर ओलं झालंय."

"अरे, बॅटरी उभी ठेवायची! झाकण उघडायचं, आत पाणी घालायचं. ध्यानात ठेव!"

मुकिंदाने ध्यानात ठेवलं.

मग कंट्रोलरची पेटी आली. बॅटरीतून मोटारीला किती वीज सोडायची, ते ही पेटी ठरवते. दिसायला काळी, चौकोनी. म्हणजे मुकिंदाच्या हिशेबी बॅटरीचीच धाकटी बहीण. त्याने तिला उभी केली, स्क्रू काढून झाकण उघडलं आणि तांब्याने पाणी घातलं. काठोकाठ.

मिस्त्री खालीच बसले. "अरे, पाणी म्हणजे विष! दिसलं की ओतून टाकायचं, फडक्याने पुसायचं, उन्हात वाळवायचं!"

दुपारी मुकिंदा घरी गेला. बायकोने, सगुणाने, विहिरीवरून खेपा घालून रांजण भरला होता. मुकिंदाने तो ओतला, पुसला आणि अंगणात उन्हात ठेवला.

"अहो, प्यायचं पाणी होतं ते!"

"मिस्त्री म्हणतात, विष हाय."

"मग मिस्त्रींकडंच जावा जेवायला!"

तो गेला.

नवी पेटी मागवली. ती मिस्त्रींनी स्वतः बसवली आणि मुकिंदाला लांब पिंपळाखाली बसवलं. गाडी जॅकवर उचलून मोटार चालू केली, तर चाकं मागच्या बाजूला फिरायला लागली.

"काही नाही," मिस्त्री आबांना म्हणाले. "गाडी उलटी चालायला लागली, की मोटारीच्या या दोन तारांची टोकं बदलायची. सरळ चालते."

पिंपळाखाली मुकिंदाने ध्यानात ठेवलं.

उद्घाटनाला सारा गाव जमला. मिस्त्रींना शाल मिळाली. गाडीला दोन बाकं होती. पुढच्या बाकावर मुकिंदा आणि नैवेद्याच्या टोपल्या. मागच्या बाकावर पाय पसरायला जागा, म्हणून आबांच्या आई, ठकूआजी, तिथे बसल्या. क्लबाच्या गाडीची तऱ्हा अशी, की मागच्या बाकाचं तोंड मागे. बसणाऱ्याला गेलेली वाट दिसते, येणारी दिसत नाही.

गाडी सुटली. पहिलं वळण तिने हसत चढलं. दुसरं चढलं. अर्धा डोंगर झाला. मुकिंदाला ड्रायव्हरची टोपी डोक्यावर आल्यासारखीच वाटू लागली.

"मुकिंदा," मागून आजी म्हणाल्या, "मला गाव दिसतंय रे. देऊळ कुठाय?"

"तुमच्या मागं, आजी."

"मागं? म्हणजे आपण उलटं चाललोय का काय?"

मुकिंदाने वळून पाहिलं. आजी सरळ बसल्या होत्या. तोंड पुढे, पाय पुढे. एवढी वयस्क बाई, ती कशी चुकेल? चूक गाडीचीच.

त्याने ब्रेक आवळला. आजींच्या पायाखालची फळी उचलली. पाना लावला. दोन टोकं बदलली. परत बसला आणि पायाने पेडल दाबलं.

"आता कसं!" आजी म्हणाल्या. "आता सरळ चाललीय!"

मोटार नवी होती. चढाला जेवढा जोर लागतो, तेवढा उताराला लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वळणावळणाला आजी देवाचं नाव घेत होत्या. घरी बसून इतक्या मनापासून त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं.

पायथ्याशी आबांचं भाषण चाललं होतं. "आजपासून या गावातली एकही म्हातारी..." एवढ्यात मांडवाच्या एका बाजूने गाडी शिरली आणि दुसऱ्या बाजूने मांडव घेऊन निघाली. कडब्याच्या गंजीत थांबली.

आबा धापा टाकत आले. आईला उतरवलं. त्या धडधाकट होत्या. फक्त देवाचं नाव थांबत नव्हतं.

"अरे, वर जायचं सोडून खाली कसा आलास?"

मुकिंदाने केसांतला कडबा झटकला.

"काय सांगू आबा! अर्ध्या डोंगरापर्यंत गाडी उलटीच चालली होती. आजींच्या ध्यानात आलं म्हणून बरं. नाहीतर तशीच देवळात गेली असती!"