विस्तवात शुद्ध केलेला चुंबक

“ओढत का नाही हा, महाराज?”

विश्वंभरनं चुंबक पुन्हा चंपाबाईच्या डोळ्याजवळ नेला. लोखंडाचा कण होता तिथंच राहिला.

चंपाबाई घिसाडी. गावाबाहेर चिंचेखाली त्यांचं पाल पडलं होतं. नवरा सांडशीत लोखंड धरी, ही घण मारी. सकाळी ऐरणीवरून एक कण उडाला तो थेट डोळ्यात. दवाखाना घाटाखाली, आणि गाडी उद्याच. पण डोळ्यातलं लोखंड काढायचा चुंबक मठात आहे, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. बोटाएवढी पोलादी पट्टी, टोकाला निमुळती. मठाचे महाराज गंभीरबुवा, त्यांना ती त्यांच्या गुरूंनी दिलेली.

“लई टोचतंय, म्हाराज. डोळा जातोय का माजा?”

बुवा भिंतीशी बसले होते. हात थरथरू लागल्यापासून हे काम त्यांनी आपल्या शिष्यावर, विश्वंभरवर सोपवलं होतं.

“परवा हिच्या नवऱ्याच्या डोळ्यातला कण यानंच काढलास ना?”

“हो.”

“मग पुढं काय केलंस?”

“शुद्ध केला.”

“कशानं?”

“अग्नीनं. धातू अग्नीनंच शुद्ध होतो, महाराज. चांगला लालभडक होईपर्यंत विस्तवात ठेवला.”

विश्वंभर सोवळ्याचा भलता कडक. विहिरीचा दोरसुद्धा धुऊन घेणारा. घिसाड्याच्या डोळ्याला लागलेली वस्तू तशीच मठात ठेवायची म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा. मठातल्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या केल्या त्याही यानंच. बुवा तेव्हा काही बोलले नाहीत. माझं तेव्हा मठात येणंजाणं होतं; त्या न बोलण्याचा मला अजून राग येतो.

“शुद्ध झाला?”

“झाला.”

“मग ओढत का नाही?”

“तेच तर मी विचारतोय!”

विश्वंभरनं पट्टी तळहातावर उलटीसुलटी केली. घाबरला होता, पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना.

“वजन तेवढंच. आकार तोच. जळालं काहीच नाही. मग कमी काय झालं?”

“मी हा माठाजवळच्या कोनाड्यात का ठेवायचो?”

“गारव्याला…” विश्वंभर आठवू लागला. “चैत्रात एकदा अंगणात राहिला होता. तेव्हा टाचण्या कमी धरल्या. सावलीत आणल्यावर पुन्हा धरू लागला.”

“आणि विस्तवातून काढल्यावर?”

“कालपासून गारच आहे. तरी एक टाचणी धरत नाही… असं कसं?”

बुवांनी बाहेरच्या ओसरीकडे बोट दाखवलं.

“तिथं पंगत बसलीय. सगळ्यांची तोंडं एकीकडे. ऊन लागलं तर काय होईल?”

“माणसं चुळबुळतील. पण बसून राहतील.”

“आणि आग लागली तर?”

“उठतील. वाट फुटेल तिकडे पळतील.”

“माणसं कमी झाली?”

“नाही…”

“पंगत?”

“मोडली…” विश्वंभरनं हातातल्या पट्टीकडे पाहिलं. “हिच्यातल्या कणांचीही!”

“पंगतीचं मागनं बोला वो, म्हाराज,” चंपाबाई कळवळली.

“ती पुन्हा बसवता येईल?” विश्वंभरनं घाईनं विचारलं.

“येईल. पण बसलेल्यांनीच बसवायला हवी, म्हणजे दुसऱ्या चुंबकानं. मानाजीकडे फुटक्या भोंग्यातला चुंबक आहे.”

मानाजी म्हणजे चंपाबाईचा नवरा.

“मग त्यानंच कण काढू की!”

“वाटीएवढा जाड आहे तो. डोळ्याच्या कोपऱ्यात शिरेल?”

“मानाजीला इथं बोलावतो.”

“त्याचा भाता इथं आहे? पट्टी तुझ्या विस्तवानं मऊ पडलीय. आधी तिला तापवून पाणी द्यावं, कडक करावं लागेल… जा.”

विश्वंभर पालाकडे पळत गेला.

मानाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि भात्याकडे पाहिलं. भाता रोज चंपाबाई ओढायची. विश्वंभरनं सोवळ्याचा मुकटा वर खोचला, राखेत बसकण मारली आणि भाता ओढू लागला.

पट्टी लाल झाली. मानाजीनं ती पाण्यात बुडवली. मग काळा गोल चुंबक तिच्यावरून फिरवू लागला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, उचलून पुन्हा तसाच.

“दाबून धरा, द्येवा. सरकतीया.”

विश्वंभरनं धरली. मानाजीच्या बोटांची काजळी त्याच्या बोटांना लागली.

“एकाच बाजूनं का फिरवतोस?”

“उलटा हात फिरवला तर क्येल्यालं जातंय.”

“का जातं?”

“ते म्हाराजांस्नी इचारा. माजी बायकू तिकडं वरडतीया.”

त्यानं पट्टी खिळ्यांजवळ नेली. एक खिळा हलला, सरकला, टोकाला चिकटला.

“धरतोय!” विश्वंभर ओरडला. इतका मोकळा आवाज त्याच्या गळ्यातून निघालेला मठानं कधी ऐकला नव्हता.

दोघं धावतच मठात आले. विश्वंभर चंपाबाईच्या समोर बसला. एका हातानं तिची पापणी धरली, दुसऱ्या हातानं टोक डोळ्याजवळ नेलं, आणखी जवळ नेलं…

कण उडून टोकाला बसला.

चंपाबाईनं पदरानं डोळा पुसला. मिचकावला.

“दिसतंय,” ती म्हणाली. “म्हाराजांची दाढी दिसतीया.”

बुवा हसले.

विश्वंभर चुंबक घेऊन उभा होता. त्यानं चुलीकडे पाहिलं. मग माठाजवळच्या कोनाड्याकडे पाहिलं. पाय कुठंच वळेनात.

“महाराज… हा ठेवू कुठं?”

“विटाळलाय ना?”

“हो…”

“मग देवापाशी ठेव. समईपासून जरा लांब.”