सुरीवरचा राघू

"पण आक्का, पुसत चाललेलं पुन्हा कोरलं, तर ते त्यांचंच राहतं की माझं होतं?"

आक्का मठाच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आधी बस. उभ्यानं विचारलेलं मला ऐकू येत नाही."

उत्पला बसली.

नदीकाठच्या या लहानशा मठात आक्का एकट्याच राहत. कुणाला दीक्षा देत नसत, कुणाला पाया पडू देत नसत. तरी गावातली माणसं त्यांच्याशी बोलल्याशिवाय मनावरचं काही उतरवत नसत. उत्पला तर कॉलेज सुटलं की दर गुरुवारी यायची.

तिनं पिशवीतून एक सुरी काढली. तेलकट फडक्यात गुंडाळलेली. मग मेणबत्ती, सुई, कापूस, मिठाची पुडी, व्हिनेगरची बाटली, आणि तारा जोडलेली चौकोनी बॅटरी. सगळं चटईवर ओळीनं मांडलं.

"कुणाचं ऑपरेशन आहे?" आक्कांनी विचारलं.

"अण्णांची सुरी आहे ही."

अण्णा म्हणजे तिचे वडील. गेल्या श्रावणात गेले.

आक्कांनी सूप बाजूला सारलं. सुरी उजेडात धरली.

"यावर काय आहे? मला तर काहीच दिसत नाही."

"तिरकी धरा. राघू आहे."

तिरकी धरल्यावर दिसला. म्हणजे एक डोळा, चोचीचा बाक, पाठीची जेमतेम रेघ...

"घरीच काढला होता अण्णांनी," उत्पला म्हणाली. "मी दुसरीत होते. ओट्याशी स्टूल लावून बसले होते, त्यांच्या कोपराला चिकटून. पातं गरम केलं, त्यावर मेण चोपडलं. मग सुईनं मेणात राघू काढला. सुई पात्याला काहीच करत नाही, आक्का. नुसतं मेण निघतं. मग मीठ घातलेल्या व्हिनेगरात कापूस बुडवायचा, त्याला बॅटरीची एक तार, पात्याला दुसरी. चर्र चर्र आवाज येतो. जिथलं मेण निघालंय तेवढंच पोलाद खाल्लं जातं."

ती भराभर बोलत होती. कुणी मध्येच थांबवेल अशी.

"त्याच सुरीनं मला पेरू कापून द्यायचे. म्हणायचे, आधी राघूनं खाल्लाय, उष्टा चालेल ना?"

"चालायचा?"

"मला तर तसाच लागायचा."

आक्का हसल्या.

"आणि आता?"

"धार लावून लावून झिजला. म्हणून मी सुरी वापरायचीच बंद केली. तेल लावून कपाटात ठेवली. तरी रोज काढून बघते, आणि रोज वाटतं, कालच्यापेक्षा कमी दिसतोय." तिनं ओठ पुसले. "बाकी सगळं मला येतं. मी केमिस्ट्रीच शिकवते. पण माझा हात कापतो. तुमचा कापत नाही. रेघ तेवढी तुम्ही काढा."

"म्हणजे राघू माझा, आणि चर्र तुझं."

"आक्का, चेष्टा नको ना."

आक्कांनी मेणबत्ती पेटवली.

त्या इतक्या सहज तयार होतील असं उत्पलाला वाटलं नव्हतं. पातं तापलं, मेण पसरलं, गार होऊन पांढरं झालं. खालचा राघू दिसेनासा झाला.

आक्कांनी सुई उचलली.

"तोंड कुणीकडं?"

"मुठीकडं."

"पाय?"

"पाय नव्हते. अण्णा म्हणाले, उडतोय."

"शेपटी?"

उत्पलानं बोटानं हवेत एक बाक काढला.

"शेपटी वाकडी होती... पार धारेपर्यंत गेलेली. अण्णा ती काढत होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. त्यांच्या कोपराला धक्का लागला."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, याला वारा लागला."

"मग मी कशी काढू? सरळ?"

"नको, वाकडी. अगदी तशीच."

आक्कांनी चोच काढली. डोळा काढला. पाठीची रेघ एका दमात खाली आणली. शेपटीशी सुई थांबली.

बराच वेळ थांबली.

"आक्का?"

"वाट बघतेय."

"कशाची?"

"तू दचकायची."

उत्पला हसली. मग तिनं पाहिलं, आक्का हसत नव्हत्या. सुई तशीच टेकलेली होती.

उत्पलानं खांदे आवळले. डोळे मिटले. एरवी दाराची कडी वाजली तरी दचकणारी ती. कॉलेजात मागून कुणी मॅडम म्हटलं तरी हातातला खडू पडायचा. आता ती दचकायला बसली होती, आणि...

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. पारावर कुत्रं भुंकलं.

"येत नाहीये," ती म्हणाली.

"कुकर पण नाही इथं."

आक्कांनी सुई खाली ठेवली. पातं मेणबत्तीवर धरलं. मेण वितळलं तसं फडक्यानं पुसून घेतलं. त्यांनी काढलेला राघू फडक्यात गेला. अण्णांचा पुसट राघू होता तिथंच होता.

उत्पलाचे डोळे भरून आले.

"मग याला असाच जाऊ द्यायचा का? एक दिवस नुसतं पातं उरेल, आक्का. मग मी बघायचं काय?"

आक्का उठून आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कैरी होती. ती त्यांनी उत्पलाच्या पुढ्यात ठेवली.

"काप."

"या सुरीनं?"

"मग काय बॅटरीनं?"

"आक्का, हे पोलाद साधं आहे. कैरीच्या आंबटानं काळं पडेल. डाग जाणार नाहीत."

"काप."

उत्पलानं सुरी हातात घेतली. कितीतरी महिन्यांनी काही कापायला म्हणून मुठीवर तिचा हात बसला. तिनं कैरी धरली. पातं आत गेलं तसा करकरीत आवाज झाला. आंबट वास थेट घशात उतरला.

आक्कांनी चटईवरची मिठाची पुडी सोडली. चिमूटभर मीठ फोडीवर टाकलं आणि डोळे बारीक करून फोड खाल्ली.

"आंबट आहे. छान आहे."

उत्पला कापत राहिली. रस पात्यावरून ओघळत होता. थोड्या वेळानं तिनं सुरी उचलून पाहिली. पात्यावर निळसर काळं काहीतरी चढत होतं. कुठं ढग, कुठं नुसतीच कड. राघूच्या पाठीवरही चढत होतं.

तिचा हात घाईनं फडक्याकडे गेला.

आक्कांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. कैरीचं अजून चित्र काढून झालेलं नाही."