तांबटाच्या घरातलं बोलणं

भिवबा तांबट वेडा झालाय, अशी फिर्याद त्याचा चुलतभाऊ गोंदजी याने थेट राजाकडे केली. भाऊ हंडा ठोकतो, त्याला कान लावतो, ‘हा रडतोय’ म्हणतो आणि माणसांशी चकार शब्द बोलत नाही. त्याला साखळीने बांधा, दुकान मी सांभाळतो. केवढी ही माया!

हंड्याची चीर तांबट कानानेच ओळखतो, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दरबारातल्या दीडशहाण्यांना नव्हतं. भिवबा मुळात अबोल. त्याला दहा प्रश्न विचारले, तो पागोटं सावरत नुसता उभा राहिला. बोलायचा तो फक्त बायकोशी, सगुणेशी.

सगुणा पुढे आली. "महाराज, हे घरी काय बोलतात ते मी सांगते. मग ठरवा."

दरबारच्या शास्त्रीबुवांनी कायद्याच्या पोथीवर हात आपटला. "नवऱ्याने बायकोला खासगीत सांगितलेलं दरबारात सांगता येत नाही. त्याची परवानगी असेल तरच."

राजा हट्टी, आणि कायदा त्याच्या आजोबांचा. "बाई, त्याचा एक शब्दही न सांगता तो शहाणा असल्याचं सिद्ध कर. नाहीतर त्याला साखळी."

सगुणेने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सांगू का?"

भिवबाने मान डोलावली.

"वेड्याची कसली परवानगी?" गोंदजी उसळला.

"खरं आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "वेड्याच्या होकाराला किंमत नाही."

"मग ठरवा एकदाचं," सगुणा म्हणाली. "हे शहाणे असतील, तर खटलाच मिटला. वेडे असतील, तर होकाराला किंमत नाही आणि नकारालाही नाही. मग हे गुपित तुम्ही राखताय कोणासाठी? गोंदजीभावजींसाठी?"

शास्त्रीबुवा पानं उलटत बसले. पोथीत याचं उत्तर असतं तर सापडलं असतं.

"बोल बाई," राजा म्हणाला.

"मागच्या सोमवारी जेवताना हे म्हणाले, ‘गोंदजी आपलं दुकान पावलांनी मोजून गेलाय. आता तो मला वेडा ठरवायला राजाकडे जाईल. तिथे मला बोलता यायचं नाही, आणि तुला शास्त्रीबुवा बोलू द्यायचे नाहीत. तेव्हा परवानगी आत्ताच देऊन ठेवतो.’"

राजा पोट धरून हसला. "एवढी अक्कल तर माझ्या सबंध दरबारात नाही!"

त्याच दिवशी कायद्यात एक ओळ वाढली: वेडाच्या खटल्यात बायकोचं तोंड बांधू नये. ती ओळ शास्त्रीबुवांनाच लिहावी लागली. सगुणेला जरीचं लुगडं मिळालं, आणि भिवबाला राजवाड्यातल्या भांड्यांचं कायमचं काम.