चंद्रीनं चोरलेला पान्हा

ऐक गोठ्यातल्या माउली, तुझी कहाणी. आटपाट खेडं होतं, खेड्याला एक तळं होतं. तळ्याकाठी मथुरा राहत होती, तिचा घरधनी राहत होता, दावणीला चंद्री म्हैस होती. पोटी पोरबाळ नव्हतं. घरधनी धार काढी, काढता काढता चंद्रीशी बोले. पाऊस कुठं पडला, कुणाची सोयरीक मोडली, सारं तिला सांगे. चरवी फेसानं भरून जाई.

एके दिवशी घरधनी वारला. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर मुकं झालं. मथुरा कुणाशी बोलणार? मुकाट उठे, मुकाट कासेला हात घाली. चंद्री आपल्या रेडकापुरता पान्हा सोडी, हिचा हात लागला की चोरी.

धाकटा दीर आला. म्हणाला, "वहिनी, पुनवेपर्यंत बघू. नाहीतर म्हशीला बाजार दाखवू." मथुरेच्या मनात आलं, म्हैस गेली तर घरात श्वास घेणारं दुसरं कोण?

मग तिनं सरकी भिजवली, हिरवा चारा घातला. चंद्रीनं खाल्लं, दूध दिलं नाही. मग तिला तळ्यावर नेलं, डुंबवलं, अंग चोळलं. चंद्री गार झाली, दूध दिलं नाही. मग मथुरेनं घरधन्याची घोंगडी पांघरली, तोंड झाकून धारेला बसली. चंद्रीनं वास घेतला, कान टवकारले, वाट पाहिली. मग लाथ मारली, चरवी कलंडली.

पुनवेच्या सकाळी एक म्हातारी दारी आली, वाटीभर दूध मागू लागली. मथुरा म्हणाली, असतं तर वाढलं नसतं का? म्हातारीनं गोठ्यात डोकावलं.

"चारा आहे, पाणी आहे. तिच्याशी बोलतेस का गं?"

"माझ्याशीच कुणी बोलत नाही, आजी. मी म्हशीशी काय बोलू?"

"तेच बोल. हाच वसा घे. रोज त्याच वेळी, त्याच हातानं धार काढ. आधी मनातलं सांग, मग कासेला हात घाल. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

सांजेला दीर दावं घेऊन म्हैस न्यायला आला. मथुरा म्हणाली, भावजी, धारेपुरतं थांबा. चंद्रीपाशी बसली. मग म्हणाली,

"चंद्रे, आज पण दोन भाकरी थापल्या गं. सवयीनं. एक उरली."

चंद्रीनं मान वळवली, मोठा सुस्कारा टाकला. कास भरून आली. चरवीत धार वाजली. दिरानं आणलेलं दावं खुंटीला अडकवलं, निघून गेला.

मथुरेनं म्हातारीसाठी वाटी काढून ठेवली. वाटीवर साय धरली, म्हातारी काही आली नाही. घर रिकामं ते रिकामंच राहिलं. पण मथुरेनं वसा टाकला नाही, दोन भाकरी थापायचंही सोडलं नाही. दुसरी चंद्रीला देई, दिवसभराचं सांगे, मग धार काढी.

जशी मथुरेला ऐकणारी मिळाली, तशी तुम्हां आम्हां एकल्या जिवांना मिळो. ही साठां धारांची कहाणी पांचां धारांत सुफळ संपूर्ण.