गांडुळाचं पान

फार मागं, अगदी फार मागं, एका राजाच्या राज्यात एक होता सटवाजी आणि एक होती त्याची येसू. घरात खाणारी पोरं होती, अंगात कष्टाची ताकद होती, पण पाय रोवायला स्वतःची जमीन नव्हती.

त्या राज्याची रीत न्यारी. नदीकाठची गाळाची जमीन कुणा एकाची नसायची. दर साली जत्रेत पानांचा डाव व्हायचा, आणि जिंकेल त्या घरानं ती वर्षभर कसायची. पान म्हणजे लाखेनं रंगवलेली गोल चकती, तिच्यावर एकेक जीव काढलेला. डाव सोपा होता. जनावर मांडलं की त्याचा चाराही आपणच मांडायचा. उपाशी जनावर आधी आपल्याच घरचं खातं, पोट भरलं तरच परक्यावर धावतं, आणि खायला काही उरलं नाही तर आडवं होतं. शेवटी ज्याचं जनावर उभं, त्याची जमीन.

पण डावाला कोण बसणार, हे ठरवायचा गावचा पारखी. दात आणि नखं बघायची, एवढीच त्याची पारख. म्हणून बसायला मिळायचं ते नुसत्या वाघ-लांडगेवाल्यांना, आणि सगळ्यांत मोठा वाघ त्याच्याच घरी! जमीन दर साली कुणाला जायची, ते आता मी सांगायला हवं का?

त्या साली सटवाजीनं आपली पानं पुढं केली. मेंढी, शेळी, बैल, गवत आणि गांडूळ.

पारख्यानं गांडूळ चिमटीत धरलं. "दात?"

"नाहीत, दादा."

"नखं?"

"नाहीत."

"डोळे तरी?"

"तेही नाहीत."

"मग हा जीव आहे का कुणाचा गळालेला करगोटा?" असं म्हणत त्यानं पान धुळीत भिरकावलं. सारी जत्रा खदाखदा हसली. हसणाऱ्यांच्याही घरी काही वाघ नव्हते, तरी हसले!

सटवाजीची मान खाली गेली. "चल येसू, घरी जाऊ. कुणाकडं कोल्ह्याचं पान मागून बघू."

"तुम्ही गप बसा हो!" येसू पदर खोचून पुढं झाली. "पारखीदादा, आज सकाळी जेवलात काय?"

"भाकरी. का गं?"

"दात होते का तिला? नखं होती?"

आता पारख्यावर हसायची पाळी होती, पण कुणाची छाती झाली नाही.

"जिच्यातून ती भाकरी आली, ती माती कुणी पोखरून मऊ केली? तुमच्या वाघानं? जन्मभर ज्याचं खाल्लं त्यालाच धुळीत फेकलंत! माझ्या आजेसासूनं रंगवलंय ते. बसू देत नाही म्हणजे काय? डाव राजाचा आहे, तुमच्या ओसरीवरचा नाही!"

राजा मंडपात बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "पारख्या, टाकलंस तूच, उचल तूच. आणि तूच हिच्याशी डाव मांड."

पारख्यानं वाकून पान उचललं. मग फुशारकीनं आपली पाचही पानं एका दमात मांडली. वाघ, सिंह, बिबट्या, लांडगा, गरुड. बघणाऱ्याचं काळीज हलावं!

येसूनं आधी गांडूळ ठेवलं, त्यावर गवत, मग मेंढी, शेळी, बैल.

राजानं विचारलं, "पारख्या, चारा?"

चारा कुठला! लांडग्यानं गरुड खाल्ला, बिबट्यानं लांडगा, सिंहानं बिबट्या, वाघानं सिंह. इकडं येसूच्या जनावरांनी गवत चरून संपवलं, तोच पोट भरलेला वाघ शेळीवर धावला आणि तिला घेऊन गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. सटवाजीनं डोळे मिटून घेतले.

दुसरी फेरी आली.

"पारख्या, चारा?"

पारखी इकडं तिकडं बघू लागला. घरात खायला कुणी उरलंच नव्हतं. पण तो कसला गप बसतो! ओरडला, "यांचं गवतही पहिल्याच फेरीत संपलंय!"

"गवताखाली काय आहे?" राजानं विचारलं.

"गांडूळ," येसू म्हणाली.

"गांडूळ जिवंत आहे तोवर गवत पुन्हा उगवतं. नियम जुना आहे," राजा म्हणाला. "तूच ते पान कधी डावात येऊ दिलं नाहीस, पारख्या."

बैल चरला, मेंढी चरली, दोन्ही उभी राहिली. वाघ आडवा झाला. नखांसकट, दातांसकट आडवा!

राजानं पारख्याची पारख त्याच दिवशी काढून घेतली, आणि गाळाची जमीन येसूच्या घराला दिली. त्या साली तिथं अशी टरबुजं धरली की वेलाला पानं दिसेनात. येसूच्या पोरांनी पोटभर खाल्ली, आणि हसणाऱ्यांच्या पोरांनाही बोलावून दिली. तेव्हापासून त्या घराला काही कमी पडलं नाही.

म्हणून सांगते, कुणाची नखं मोजण्याआधी आपलं पोट कोण भरतं ते बघावं.