शीळकरी आणि झुडपात दडलेली मुलगी

फार फार जुन्या काळी, जिथे गलबतेही वाट चुकूनच जात, अशा एका बेटावर एक इवलासा पक्षी राहत असे. तो गोड शीळ घाली, म्हणून खलाशी त्याला शीळकरी म्हणत. नीट पाहिला मात्र त्यांच्यापैकी कुणीच नव्हता.

राजाला नवी गलबते बांधायची होती आणि बेटावरचे लाकूड उत्तम होते. राजा म्हणाला, "तो पक्षी जगात दुसरीकडे नसेल, तर रान राखू. आपल्याकडचाच असेल, तर कुऱ्हाडी पाठवू."

पारख करायला एका मुलीला धाडले. पक्ष्यांची ती मोठी जाणकार, पण भित्री इतकी, की पान पडले तरी दचके.

"पुनवेला न्यायला येतो," तिला बेटावर उतरवताना नावाडी म्हणाला. "तोवर पाहून ठेव, बाय."

राजाच्या मुलखात पक्षी पारध्यांना भीत. म्हणून तिथले जाणकार अंगाला पाला बांधून झुडपात दडत. तिनेही तेच केले. शीळ रोज येई, कधी समोरून, कधी पाठीमागून. पक्षी मात्र जवळ येईना. एकदा पावले वाजली, झुडपावर दगड आदळले, तशी ती आणखीच आत सरकली. शीळ थांबली की तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येई.

पुनवेच्या सकाळी दूर शीड दिसले.

"गेलं रान," ती पुटपुटली. तिने पाला भिरकावला आणि उघड्या खडकावर बसून रडू लागली.

तोच शीळकरी आला आणि थेट तिच्या पायावर बसला. हळदीसारखा गळा, डोळ्यावर पांढरी रेघ, खाली वाकलेली चोच. असा पक्षी तिने कुठेच पाहिला नव्हता. ती दचकली, पण हलली नाही.

"अगं बाई, माणूस!" मागून आवाज आला. शिंपले वेचणारी एक म्हातारी उभी होती. "झुडपात तू होतीस होय? आणि मी मेली तुला घोरपड समजून दगड मारत होते!"

"आजी, तुम्ही इथेच राहता?"

"एकटीच. या पाखराला माणसाचं भय नाही गं. पाल्याआड दडून अंडी खाते ती घोरपड, तिलाच ते भितं." म्हातारीचा आवाज उतरला. "आधी बाहेर यायचंस की. किती दिवसांत कुणाशी बोलले नाही मी."

पण गलबत किनाऱ्याला लागले होते.

मुलीने राजाला पक्ष्याच्या खुणा सांगितल्या आणि रान वाचले. म्हातारीचे नाव विचारायचे मात्र राहून गेले, ते कायमचेच.

ज्याला दुसऱ्याला ओळखायचे आहे, त्याने आधी स्वतः उघड्यावर येऊन बसावे.